उजवं चाक

कुह्मोच्या अलीकडे तळ्याच्या कडेनं रस्ता डावीकडे वळतो,
तिथे आई म्हणाली, ऐकलंस?
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
आईला दारावरची घंटा ऐकू येत नाही,
तिचा फोन वाजला की आधी शेजारच्या आउलिक्कीला कळतं,
माझ्या निम्म्या वाक्यांना ती नुसती मान डोलावते.
पण हे तिनं ठामपणे सांगितलं:
उजवं. पुढचं.
डावीकडे वळलीस की घुमतं, उजवीकडे वळलीस की गप्प.
भार पडला की बोलतं ते.

अठ्ठावीस वर्षं याच डॅट्सनमधून तिनं टपाल वाटलं.
डावी चाकं डांबरावर,
उजवी कायम कडेच्या खडीत,
पेट्यांच्या खांबांपाशी, बर्फाच्या ढिगात, हुओतारींच्या कुत्र्याच्या तोंडी.
झिजायचं तर उजवंच झिजणार.

आधी नट, मग जॅक, ती म्हणाली,
उलटं करशील तर गाडी अंगावर घेशील.
कॉटर पिन गंजून तिचा भुगा झालेला.
पान्याला दीड मीटरची नळी जोडून मी टोकावर उभी राहिले.
ढिम्म.
मग आई बादलीवरून उठली,
माझा खांदा धरून नळीवर चढली,
एक्क्याऐंशी वर्षांची, लोकरी मोज्यांवर गमबूट घातलेली.
दोघींचं मिळून एकशे एकवीस किलो.
सुटताना नट असा कडाडला की छपरावरचा बर्फ घसरला.
सुटला, आई म्हणाली,
तळव्यांना कळलं.

तुंब्यातून जे निघालं त्याला ग्रीस म्हणवत नव्हतं,
किटलीच्या तळाशी करपलेली कॉफी.
छर्रे खवले पडलेले,
कड्याच्या आत एक निळसर चट्टा,
आई त्याच्यावरून नखानं सारखी जात राहिली.

नवी बेअरिंगं आदल्या रात्रीच बाहेर ठेवली होती,
पिशवीत बांधून, उणे चोवीसमध्ये.
आकसू देत, म्हणाली.
आणि मंगळवार असून सौना पेटवली.
चुलीवरच्या दगडांत लोखंडी नकल ठेवला, नीट उताणा,
आणि आम्ही दोघी फळीवर, कोट न काढता, वाट बघत.
धूर पाहून आउलिक्की टॉवेल घेऊन आली.
दारात थबकली.
कोण आलंय आत, तिनं विचारलं.
निस्सान, आई म्हणाली, आणि सरकून जागा दिली.

पाण्याचा थेंब टाकला, तो नाचला.
आता, आई म्हणाली, पळ.
मी पळाले, बेअरिंग घेऊन आले, बोटं त्याला चिकटत होती.
तोंडावर धरलं, सोडलं.
टप्.
हातोडी उचलावीच लागली नाही.
गार गरमात बसलं, मुलगा पायरीवर बसावा तसं,
आणि क्षणभरात एकमेकांना असे धरून राहिले
की आता तिघी मिळूनही सुटले नसते.
आउलिक्की म्हणाली, दगड तापलेच आहेत तर...
मग तेही झालं. पाठीला ग्रीसचा वास.

दुसऱ्या दिवशी तळ्याचं वळण.
मी मुद्दाम वेगात घेतलं.
काही नाही. बर्फावरून टायर सरकल्याचा नुसता सस्सकार.
मी आईकडे पाहिलं, शाबासकीसाठी, खोटं कशाला बोलू.
तिनं विचारलं,
बंद पडली का?

नाही, मी ओरडले, चाललीय.
चाललीय?
तिनं डॅशबोर्डवर हात ठेवला, तसाच ठेवला,
दुकान येईपर्यंत.

जुनं फेकायचं नाही, एवढंच म्हणाली.
आता रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा असतो.
रॉकेलनं धुतलेलं ते कडं
कानामागच्या हाडाला टेकवून
ती बोटानं फिरवते.
घर्र, घर्र, एक खाच, घर्र.
मी दारात उभी राहते. तिला माहीत नसतं.
हुओतारी, ती म्हणते.
मग पिवळी शाळा. मग लाकूडकापे.
पूल आला की
बोट हळू करते.